झोंबी : खंडकऱ्याच्या घरातलं बालपण

आनंद यादव यांची ‘झोंबी’ 1987 साली आली. आत्मचरित्रात्मक कादंबरी; काळ साधारण 1940 नंतरचा, गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं कागल. जमीन दुसऱ्याची, खाणारी तोंडं वाढती. थोरला मुलगा कळता झाला की वडिलांना तो शाळेत नको, मळ्यात हवा. मुलाची झुंज आहे ती याच्याशी. मारकुट्या बापाला यादव खलनायक ठरवत नाहीत, आणि बाळंतपणांनी पिचलेल्या आईचं दुःख तर त्यांनी फार जवळून लिहिलंय. मला पुस्तकाचं खरं मोठेपण तिथेच दिसतं. 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार ‘झोंबी’ला मिळाला. पुढची कथा ‘नांगरणी’, ‘घरभिंती’ आणि ‘काचवेल’मध्ये आहे, वाचायची तर क्रमानेच वाचा.