विद्येच्या माहेरघराची पायरी

पुण्याला विद्येचे माहेरघर म्हणण्याची आपली जुनी रीत आहे. १८८५ साली तेथे फर्ग्युसन महाविद्यालय निघाले, १९४९ साली विद्यापीठ स्थापन झाले. आणि ज्यांना महाविद्यालयाचे दार कधी लाभले नाही अशा आमच्यासारख्यांसाठी, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला होतीच. माहेरी आलेल्या लेकीला 'आधी पायऱ्या चढून दाखव' असे कोणी म्हणत नाही. या माहेरघरात मात्र काही लेकरांना नेमके तेच सांगितले जाते. त्यांच्याविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

पिंपरीपासून चाकणपर्यंतचा आपला पट्टा यंत्रांचा आहे. यंत्राखाली सापडून, उंचावरून पडून, किंवा पाळी संपवून घरी जाताना रस्त्यावर कण्याला मार बसतो, आणि कालचा कसबी कामगार आज चाकांच्या खुर्चीत, म्हणजे व्हीलचेअरवर, बसतो. आम्हीही बरीच वर्षे त्याच खुर्चीत आहोत. राज्य विमा योजनेखाली येणाऱ्या कामगाराची कमाईची शक्ती किती टक्के गेली हे ठरवितात, आणि त्या मानाने त्याला दरमहा रक्कम मिळते. ती मिळालीच पाहिजे. परंतु त्या टक्क्यांत रस्ता मोजलेला नसतो. हात शाबूत आहेत, डोके शाबूत आहे, नवी विद्या शिकण्याची उमेद आहे. पण शिकण्याच्या जागी पोहोचावयाचे कसे?

पिंपरीकराला आता मेट्रोची सोय झाली आहे. ६ मार्च २०२२ रोजी ती पिंपरीहून फुगेवाडीपर्यंत धावू लागली आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी स्वारगेटपर्यंत पोहोचली. स्थानकात लिफ्ट आहे, फलाट आणि डबा एका पातळीत आहेत. जिल्हा न्यायालयाचे स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल आहे. तेथून लिफ्टनेच वर येऊन दुसरी गाडी धरावी आणि डेक्कनला उतरावे. तेहतीस मीटरांची खोली जेथे जिंकता येते, तेथे दीड फुटाचे जोते अजिंक्य असण्याचे कारण काय?

कारण असे की, प्रवास ही साखळी आहे. घरापासून स्थानकापर्यंतचा पदपथ उखडलेला असला, किंवा महाविद्यालयाच्या दाराशी तीन पायऱ्या असल्या, तर मधली मेट्रो फुकट गेली. चाकणच्या माणसाची साखळी तर पहिल्याच कडीला तुटते. तेथे रेल्वे नाही, मेट्रो नाही. सखल तळाची आणि दारात उलगडणारी फळी असलेली बस मिळाली तर ठीक. पायऱ्यांची बस आली तर चौघांनी उचलून आत ठेवावे लागते. ती चौघांची माणुसकी खरी, पण उचलून नेण्याला प्रवास म्हणत नाहीत.

आता पायऱ्यांचा हिशेब पाहू. कामगाराला मोजमापाचे भय नसते. सहा इंची तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची. नियम असा की, एक फूट चढावयास बारा फूट लांबीचा उतार हवा. म्हणजे येथे अठरा फूट. पुष्कळ ठिकाणी सहा फुटांची फळी टाकून 'रॅम्प केला' म्हणतात. माणूस आणि खुर्ची मिळून शंभर किलो धरले, तर अठरा फुटांच्या उतारावर सुमारे सव्वाआठ किलोंचा जोर लागतो. सहा फुटांच्या फळीवर पंचवीस किलोंचा. पहिला उतार माणूस स्वतःच्या हातांनी चढतो. दुसऱ्यावर मागून ढकलणारा लागतो, आणि त्याचा हात सुटला तर काय होईल ते सांगावयास नको.

तीच गोष्ट दारांची. खुर्ची साधारण सव्वीस इंच रुंद असते. दार ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट हवे, आणि आत वळावयास पाच फुटांची जागा हवी. जुन्या इमारतींत शौचकूपाचे दार अनेकदा दोन फुटांचेच असते. मग शिकावयास किंवा व्याख्यानास येणारा माणूस सकाळपासून पाणी पीत नाही. हा उपास कोणत्याही पंचांगात नाही. तो सुताराच्या मापातून निघाला आहे.

कोणी म्हणेल, एवढा खर्च कोणासाठी? मुरलीकांत पेटकर हे नाव आठवावे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून या मराठी जवानाचे कमरेखालचे शरीर लुळे झाले. १९७२ साली हायडेलबर्ग येथे त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक जिंकले, आणि पुण्याच्या टेल्कोत नोकरीही केली. तरण तलावाची आणि कारखान्याची दारे त्यांना उघडी मिळाली म्हणून हे घडले. ज्यांना दारे मिळाली नाहीत त्यांची नावे आपल्याला ठाऊक होण्याचा संभवच नाही.

शिवाय हा प्रश्न आता दयेचा राहिलेला नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ साली झाला. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत निदान पाच टक्के जागा राखण्यास त्याने सांगितले, आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यास नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. नियम जून २०१७ मध्ये निघाले. मुदत २०२२ मध्ये संपली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही बजावले की, सुगमतेचे किमान निकष ऐच्छिक नव्हेत, बंधनकारक हवेत. म्हणजे जागा राखीव आहे, पण तिच्यापर्यंतची वाट बांधावयाची राहिली आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक कामगार संघटनेने, महाविद्यालयाने आणि व्याख्यानमालेच्या चालकांनी एक मोजपट्टी घ्यावी, व्हीलचेअरवरच्या एका माणसास बरोबर घ्यावे, आणि फाटकापासून शौचकूपापर्यंतची वाट मोजून कागदावर मांडावी. मोटारीच्या सुट्या भागात केसाएवढा फरक चालू न देणारे हात आपल्याकडे हजारोंनी आहेत. अठरा फुटांचा एक उतार त्यांना जड जाऊ नये.