लघवीची घाई आणि औषधाची चिठ्ठी

लग्नाला निघालेली एखादी पन्नाशीची बाई सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही. एसटी मध्ये थांबली नाही तर काय, हा तिचा घोर. सुनेला सांगवत नाही, डॉक्टर पुरुष. मग वर्षानुवर्षे ती गप्प राहते. श्रोतेहो, मी वैद्य नव्हे. पण या दुखण्याच्या औषधांत जो बदल झाला आहे, तो घरोघरी कळावा असे मला वाटते.

मूत्राशय म्हणजे स्नायूंची पिशवी. ती भरेपर्यंत स्नायू सैल राहायचा. या विकारात तो अर्ध्यातच आवळतो. अर्थात प्रत्येक घाई ही हीच नव्हे. जंतुसंसर्ग असेल, मधुमेह असेल, म्हणून लघवी आणि साखर आधी तपासावी. लघवीत रक्त दिसले तर मात्र थांबूच नये.

स्नायूला 'आवळ' हा निरोप ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य देते. ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडिन, सोलिफेनासिन या गोळ्या तो निरोप अडवतात. पण हाच निरोप्या तोंडाच्या लाळेला, आतड्याला आणि मेंदूलाही लागतो ना! म्हणून तोंड कोरडं पडतं, मलावरोध होतो. तोंड कोरडं म्हणून बाई पाणी पिते, आणि पुन्हा तीच धावपळ! कितीतरी बायका काही महिन्यांत गोळी सोडून देतात, डॉक्टरांना न सांगताच. म्हाताऱ्या माणसाला कधी भ्रम होतो, विसरायला होते, अन् आपण म्हणतो, "वयच झालं आता." 2015 साली अमेरिकेतील एका अभ्यासात अशा निरोप अडवणाऱ्या औषधांचा दीर्घकाळ वापर आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध आढळला. औषधानेच तो होतो, हे त्यातून सिद्ध झाले नाही; पण वयस्क बायकांना ही गोळी लिहिताना डॉक्टरांचा हात आखडू लागला.

दुसरी गोळी मिराबेग्रॉन. जपानात 2011 साली व अमेरिकेत 2012 साली तिला मान्यता मिळाली. ती निरोप अडवीत नाही, वेगळ्या वाटेने स्नायू सैल करते. तोंड फारसे कोरडे पडत नाही. मात्र रक्तदाब वाढू शकतो, तेव्हा तो मोजत राहावा लागतो. शिवाय ती सहसा महाग. स्वस्त गोळी आधी लिहिली जाते, यात नवल नाही.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात. सर्दीची क्लोरफेनिरामिनसारखी जुनी गोळीही तोच निरोप अडवते. दोन्ही मिळून भार वाढतो. काचबिंदू असेल तर तेही सांगावे.

गोळीच्या आधी निदान सहा आठवडे सवयीचा उपाय करून पाहतात. घाई आली की लगेच न धावता थोडे थांबायचे, दोन वेळांतले अंतर हळूहळू वाढवायचे, कटितळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम करायचा. चहा कमी करावा. पाणी मात्र तोडू नये, कारण घट्ट लघवीने मूत्राशय अधिकच चाळवते. त्याआधी तीन दिवसांची नोंद हवी. आजीला लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातीने वेळ टिपावी. रात्रीच्या फेऱ्या आजीने स्वतःच भिंतीवर कोळशाच्या रेघांनी मोजाव्यात, सकाळी नात त्या वहीत उतरवील.