दोन खाड्यांमधला किनारा

तुये गावातून समुद्र दिसत नाही. दिसते ती शापोरा नदी, पलीकडच्या काठावरची बार्देशातली कामुर्ली आणि अलीकडे माडांच्या आडोशाला पसरलेली शेते. गावात औद्योगिक वसाहत आहे, सरकारी इस्पितळ आहे. एरवी गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या चार गावांसारखेच हे गाव. पण चवथ सरली, पाऊस ओसरला की गावातल्या रस्त्याचा नूर पालटतो. बांबू आणि विणलेली चुडते भरलेले टेम्पो पश्चिमेकडे धावू लागतात. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या मागोमाग भाड्याच्या स्कूटर येतात, मग टॅक्स्या. आठ-दहा किलोमीटरवर मोरजी आहे, तिच्या पुढे आश्वे, मांद्रे, हरमल आणि सगळ्यात शेवटी केरी. दक्षिणेला शापोऱ्याचे मुख आणि उत्तरेला तेरेखोलचे, या दोन खाड्यांच्या मधला हा पेडण्याचा किनारा.

गोव्याच्या पर्यटनाचा इतिहास सांगताना कळंगुट, बागा, हणजुणे ही नावे आधी येतात आणि पेडणे मागून येते. राजकीय इतिहासातही त्याचा क्रम हाच आहे. पोर्तुगिजांनी गोवा शहर घेतले १५१० साली. पेडणे तेव्हा त्यांच्याकडे नव्हते. पुढे ते सावंतवाडीकर भोसल्यांच्या अंमलाखाली होते. १७४६ च्या मे महिन्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयने शापोऱ्याच्या काठचा हळर्णचा किल्ला जिंकला. त्या विजयाची लिस्बनला इतकी मातब्बरी वाटली, की व्हाइसरॉयला ‘मार्केज द आलोर्ना’ असा किताब मिळाला. पेडण्यातले एक नदीकाठचे खेडे पोर्तुगालच्या सरदार घराण्याचे नाव होऊन बसले. त्याच वर्षी तेरेखोलचा किल्लाही पडला. तरीही हा मुलूख हातून सुटत राहिला आणि पेडणे कायमचे पोर्तुगिजांकडे गेले ते थेट १७८८ साली. गोवा शहर घेतल्यानंतर तब्बल २७८ वर्षांनी.

ही पावणेतीन शतके पेडण्याच्या घडणीत निर्णायक ठरली. बार्देश-सासष्टीत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली, देव नदीपार हलवावे लागले. पेडणे नव्या काबिजादीत, म्हणजे नंतर जिंकलेल्या मुलखात, आले तेव्हा हिंदूंच्या धर्माला आणि रीतिरिवाजांना हात लावणार नाही, असे वचन राज्यकर्त्यांना द्यावे लागले होते. म्हणून पेडण्याच्या भगवतीपुढचे दगडी हत्ती आजही जागेवर उभे आहेत, मोरजीत मोरजाईचे देऊळ आहे, केरीत आजोबाचे. भगवतीच्या देवळापासून जवळच देशप्रभूंचा वाडा आहे. या घराण्याला पोर्तुगिजांनी व्हिस्कोंड ही पदवी दिली. दसऱ्यापासून सुरू होणारा उत्सव कोजागरीच्या रात्री शिगेला पोचतो. ‘पेडण्याची पुनाव’ म्हणून ती अख्ख्या गोव्यात आणि सिंधुदुर्गात प्रसिद्ध आहे. एका रात्रीत आपले देऊळ बांधून द्या, असा हट्ट धरणाऱ्या भूतनाथ या देवाची त्या रात्री समजूत काढावी लागते. बोलीवर मालवणीची छाया, गावोगाव दशावताराची आवड आणि सोयरिकी सावंतवाडी-वेंगुर्ल्यापर्यंत. या किनाऱ्याचे तोंड पणजीपेक्षा उत्तरेकडे अधिक वळलेले होते.

स्वातंत्र्याच्या लढ्यातही पेडणे सरहद्दीवरच उभे राहिले. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रही तेरेखोलच्या किल्ल्यात शिरले आणि त्यांनी तिथे तिरंगा फडकवला. बरोबर एक वर्षाने, १५ ऑगस्ट १९५५ ला, पत्रादेवीच्या सीमेवर पोर्तुगीज शिपायांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. पंजाबातून आलेला कर्नैलसिंग बेनिपाल हा तरुण तिथेच पडला. मुंबई-गोवा महामार्गाने येणाऱ्या पर्यटकांना राज्यात पाऊल टाकताच पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक लागते. तिथे पाच मिनिटे थांबणाऱ्या गाड्या फार कमी. मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचा जन्म पेडण्याचा. १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचे नाकारले, पेडण्याचा कल मात्र विलीनीकरणाकडे होता. हेही त्या उत्तरेकडे वळलेल्या तोंडाला धरूनच झाले.

पर्यटन इथे उशिरा आले त्याचे कारण मात्र अगदी साधे. नदी आडवी होती. शिवोली ते चोपडे फेरीबोट होती. म्हापशाहून मोरजीला जायचे तर बोट येईपर्यंत काठावर थांबावे लागे, आणि रात्री फेरी बंद झाली की किनारा जगापासून तुटे. साठच्या दशकाच्या अखेरीस हिप्पी हणजुण्याला आले. तिथे वर्दळ वाढली तशी त्यांतली एकांत शोधणारी मंडळी नदी ओलांडून हरमलला पोचली. हरमलच्या उत्तर टोकाला डोंगराच्या कुशीत, खाऱ्या समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याचे तळे आहे. त्याच्या वरच्या रानात एक जुना वड. रांपण ओढणाऱ्या मच्छीमारांच्या घरातली एखादी खोली, चुलीवरचा भात-हुमण आणि हे तळे, एवढ्यावर लोक महिनोन् महिने राहिले. त्यासाठी कुणी जाहिरात केली नव्हती की हॉटेल उभारले नव्हते. पेडण्यातले पहिले पर्यटन घराच्या पडवीत सुरू झाले आणि त्याचा पैसा घराच्या मालकिणीच्या हातात पडला. पुढच्या सगळ्या गोष्टी याच कसोटीवर तपासायला हव्यात.

जगाच्या दुसऱ्या टोकाचे एक गाव इथे आठवते. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरचे बायरन बे. १७७० साली कॅप्टन कुकने तिथल्या भूशिराला नाव दिले, १९०१ मध्ये दीपगृह उभे राहिले. १९५४ ते १९६२ या काळात तिथे देवमाशांची शिकार करणारे केंद्र चालले, मांसाचा कारखाना १९८३ पर्यंत होता. कामगारांचे, उग्र वासाचे गाव ते. १९७३ साली जवळच्या निंबिनमध्ये ॲक्वेरियस महोत्सव भरला, त्याला आलेले तरुण त्या परिसरात राहिले आणि लाटांवर स्वार होणाऱ्यांचे हे गाव वेगळ्या जगण्याचे ठिकाण म्हणून नावारूपाला आले. पुढे श्रीमंत आले. घरांच्या किमती आणि भाडी इतकी चढली, की हॉटेलात वाढणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या माणसांना गावात राहणे परवडेना. अखेर सप्टेंबर २०२४ पासून तिथल्या बऱ्याच भागात, मालक राहत नसलेले घर पर्यटकांना वर्षातून ६० दिवसांपेक्षा जास्त भाड्याने देण्यास मनाई झाली. हरमल आणि बायरन बे यांची सुरुवात जवळपास एकाच पिढीने केली. बायरनला हा नियम सुचायला पन्नास वर्षे लागली. पेडण्याला तेवढी सवड मिळेल असे दिसत नाही.

कारण नदीवर पूल झाला. शिवोली-चोपडे पुलाने मोरजी म्हापशाच्या अंगणात आणून ठेवली. या शतकाच्या पहिल्या दशकात चार्टर विमानांनी येणाऱ्या रशियन पाहुण्यांनी मोरजीत असा मुक्काम ठोकला, की दुकानांवर, खानावळींच्या फलकांवर रशियन अक्षरे झळकू लागली आणि गावाला ‘लिटल रशिया’ म्हणू लागले. २०१४ च्या अखेरीस रुबल कोसळला, पाहुणे रोडावले आणि कर्ज काढून खोल्या बांधलेल्यांचे डोळे उघडले. एका देशाच्या चलनावर एका गावाचा हंगाम टांगलेला असणे किती धोक्याचे, हे मोरजीने तेव्हा अनुभवले.

याच मोरजीच्या तेंब भागात, शापोऱ्याच्या मुखाशी, दुसरे पाहुणे फार पूर्वीपासून येत आहेत. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्रीच्या काळोखात मादी वाळूवर चढते, भरतीरेषेच्या वर मागच्या वल्ह्यांनी सुरईच्या आकाराचा खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून अंगाने दाबते आणि मागे वळून न पाहता समुद्रात जाते. पूर्वी ही अंडी लोक काढून खात, बाजारात विकत. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात वनखात्याने गावकऱ्यांना हाताशी धरून राखण सुरू केली. घरट्याभोवती जाळी लागली, तारखांची नोंद होऊ लागली, आणि ज्यांना अंड्यांची जागा अचूक कळे त्यांच्याच हाती राखण आली. पन्नासेक दिवसांनी पिल्ले वर येतात. जिकडे उजेड जास्त तिकडे समुद्र, एवढेच त्यांना जन्मतः ठाऊक असते. मागे शॅकचे, म्हणजे वाळूवरच्या हंगामी खानावळींचे, झगझगीत दिवे असले तर ती उलटी, जमिनीकडे चालत जातात. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत मोरजी आणि मांद्रे यांना, काणकोणातल्या आगोंद व गालजीबागबरोबर, कासवांच्या विणीच्या जागा म्हणून संरक्षण मिळाले. कागद भक्कम आहे. पण दिव्यांवर आणि रात्रीच्या कर्ण्यांवर लक्ष ठेवायला तो रोज वाळूवर उतरला पाहिजे. हरमलच्या गिरकरवाड्यात ना-विकास क्षेत्रात उठलेल्या बांधकामांसाठी उच्च न्यायालयाला दखल घ्यावी लागली, यावरून राखणीची अवस्था कळते.

किनाऱ्यावरून थोडे आत वळले की वेगळे पेडणे भेटते. आगरवाड्याच्या नावातच आगर आहे. भरतीचे पाणी मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारातून आत घ्यायचे, एका कप्प्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हाने दाट करायचे आणि शेवटच्या, पायांनी तुडवून घट्ट केलेल्या वाफ्यात त्याचे मीठ होऊ द्यायचे. लाकडी फळीने ते काठाला ओढले की राखाडी-पांढऱ्या राशी उभ्या राहतात. बांधापलीकडच्या खाजन शेतात खारे पाणी सोसणारा कोरगूट भात होतो. हरमलच्या मिरचीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ही मिरची हुमणाला रंग आणि जाळ दोन्ही देते. बांध फुटला आणि दुरुस्त करायला माणूस मिळाला नाही, की मीठही गेले आणि भातही. माणूस का मिळत नाही, याचे उत्तर किनाऱ्यावर आहे. शॅकमधला सहा महिन्यांचा पगार चिखलातल्या कामापेक्षा बरा वाटतो, आणि त्यात तरुणांना दोष देता येत नाही.

खरा प्रश्न जमिनीचा आहे. इथे पिढ्यान् पिढ्या जमीन कसणारे कूळ होते आणि भाटकाराच्या भाटात घर करून राहणारे मुंडकार. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा त्यांच्यासाठी आले. पण दावे वर्षानुवर्षे रेंगाळले आणि तेवढ्यात जमिनीचा भाव आकाशाला भिडला. तेरेखोल गाव नदीच्या पलीकडे, भौगोलिकदृष्ट्या महाराष्ट्राला चिकटलेले. केरीहून फेरीबोटीने तिथे जावे लागते. त्या चिमुकल्या गावात गोल्फ मैदानासह मोठ्या रिसॉर्टचा बेत आला तेव्हा काजूच्या बागा राखणाऱ्या कुळांनी कोर्टाची पायरी चढली. २०२३ मध्ये तालुक्याच्या जमीनवापराचा नवा आराखडा पुढे आला, तेव्हा पेडणेकर पणजीत धडकले आणि सरकारला तो आवरता घ्यावा लागला. ही माणसे विकासाच्या आड येतात, असे बोलले जाते. ते बरोबर नाही. त्यांना हिशेबात धरून आराखडा करा, एवढेच ती सांगत होती.

आणि मोपा. ११ डिसेंबर २०२२ ला तिथल्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले, ५ जानेवारी २०२३ ला विमाने सुरू झाली. त्याआधी मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणीय परवानगी स्थगित केली होती. झाडांची मोजदादच नीट झालेली नव्हती. जानेवारी २०२० मध्ये जादा अटी घालून काम पुन्हा सुरू झाले. मोपाच्या पठारावर गुरे चारणाऱ्या धनगर कुटुंबांना घरे सोडावी लागली. पहिल्या टप्प्याची क्षमता आहे वर्षाला ४४ लाख प्रवाशांची. २०११ च्या जनगणनेत सबंध तालुक्याची वस्ती होती सुमारे ७५ हजार. चांदेलच्या प्रकल्पातून येणाऱ्या नळाच्या पाण्यासाठी उन्हाळ्यात ताटकळणाऱ्या गावांना हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्याचा हक्क आहे.

म्हणून तुयेसारखी गावे महत्त्वाची. पर्यटन नकाशावर ती नाहीत, पण किनाऱ्याचा भार त्यांच्यावर येतो. परप्रांतातून आलेल्या कामगारांना स्वस्त खोली हवी असते, अपघात झालेल्या स्कूटरस्वाराला इस्पितळ. घरपट्टी आणि परवाने यांचे उत्पन्न किनाऱ्याच्या पंचायतींकडे जाते. तालुक्याला एक धरून पाणी, कचरा, इस्पितळ यांचा खर्च वाटून घ्यायची व्यवस्था होणे आता टाळता येणार नाही. आणि पडवीतल्या त्या पहिल्या पाहुणचाराला, म्हणजे गावकऱ्याच्या स्वतःच्या घरातल्या दोन-चार खोल्यांना, मोठ्या बांधकामांपेक्षा सोपा परवाना आणि कमी कर मिळायला हवा.

डिसेंबरात पेडण्याला जाणाऱ्या वाचकांनी तेंबच्या वाळूवर रात्री बॅटरी लावू नये, जाळीजवळ गाणी वाजवू नयेत. राहायचे तर गावातल्या माणसाच्या घरी राहावे आणि पत्रादेवीला गाडी थांबवावी. परतताना हरमलची मिरची घ्यावी. आगरवाड्याचे नवे मीठ मात्र तेव्हा मिळणार नाही. त्यासाठी उन्हाळ्यात पुन्हा यावे लागेल.