दोनशे एक्केचाळीस किलोंची सोबत

विरारजवळच्या आगाशीच्या नाक्यावर गाडी उभी केली की पहिला प्रश्न ठरलेला: "काकू, ॲव्हरेज किती देते?" दुसरा: "केवढ्याला पडली?" तिसरा तोंडावर कुणी विचारत नाही, पण डोळ्यांत दिसतो. या बाईला ही झेपते कशी? पहिल्या दोन्हींची उत्तरं सोपी आहेत. लिटरमागे बावीस-चोवीस किलोमीटर, आणि किंमत एका बऱ्या सेकंडहँड मोटारीएवढी. तिसऱ्याचं उत्तर जरा लांबलचक आहे. पण मोठी क्रूझर घ्यावी का, अशा विचारात असलेल्या माणसाने आधी तेच ऐकायला हवं.

माझी गाडी रॉयल एनफिल्डची सुपर मीटिओर ६५०, तीही टूरर. म्हणजे पुढे वारा अडवणारी उंच काच आणि मागे बसणाऱ्याला पाठ टेकायला आधार. दोन सिलिंडरचं ६४८ सीसीचं इंजिन, १५.७ लिटरची टाकी आणि वजन २४१ किलो. घरोघरी असलेल्या ॲक्टिव्हाच्या सव्वादोन पट. क्रूझरच्या जगात मात्र ही मध्यम अंगाचीच. हार्लेच्या मोठ्या गाड्या तीनशे किलोंच्या आसपास सुरू होतात, आणि १८३३ सीसीच्या होंडा गोल्डविंगला तर मागे घेता यावी म्हणून चक्क रिव्हर्सची सोय दिलेली आहे.

क्रूझर ओळखायची बसण्यावरून. सीट खाली, हँडल रुंद आणि अंगाकडे ओढलेलं, पाय गुडघ्यात फार न मुडपता पुढे टाकलेले. दोन चाकांतलं अंतर जास्त. माझ्या गाडीत ते दीड मीटर आहे. या ठेवणीमुळे गाडी सरळ रस्त्यावर डुलत नाही, पण वळायला ऐसपैस जागा मागते. ही ठेवण घडली अमेरिकेत, जिथे शेकडो किलोमीटर रस्ता वाकत नाही. मिल्वॉकी शहरात १९०३ साली सुरू झालेल्या हार्ले-डेव्हिडसनने ती जगभर पोचवली. इंजिनही त्याच सवयीचं असतं: कमी फेऱ्यांत भरपूर ओढ. वरच्या गिअरमध्ये ऐंशी-नव्वदच्या वेगाला ते दमत नाही, की सारखे गिअर बदलायला लावत नाही. ज्याला वेग हवा त्याने दुसरी गाडी बघावी. क्रूझर घ्यायची ती दिवसभर चालवून संध्याकाळी ताठ कण्याने खाली उतरता यावं म्हणून.

खाली सीट म्हटलं की माझा मुद्दा येतो. मी पाच फूट दोन इंच. सुपर मीटिओरची सीट जमिनीपासून ७४० मिलिमीटरवर आहे, त्यामुळे माझे दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकतात. त्याच कंपनीच्या हिमालयन ४५० ची सीट ८२५ मिलिमीटरवर; तिच्यावर मी चवड्यांवर उभी असते. मोठी गाडी उंच, धिप्पाड पुरुषांसाठी असते हा समज त्यामुळे अर्धा खोटा आहे. पुण्यात २०११ साली 'बाइकर्नी' हा मोटारसायकलवाल्या बायकांचा गट उभा राहिला, तेव्हापासून हा समज आणखी खोटा पडत चालला आहे.

आपल्याकडे क्रूझरची चाल रुळवली पुण्याच्या बजाजने. २००१ मध्ये कावासाकीसोबत काढलेली एलिमिनेटर, मग २००५ मध्ये ॲव्हेंजर. लांबट, बुटकी, आरामशीर आणि नोकरदाराच्या आवाक्यातली. अस्सल अमेरिकन क्रूझर भारतात आली त्यामागे मात्र आपल्या हापूसचा हात आहे. अमेरिकेने अठरा वर्षं भारतीय आंब्याला दार बंद ठेवलं होतं. आपणही त्यांच्या मोठ्या मोटारसायकलींना आत येऊ देत नव्हतो. २००७ मध्ये दोन्ही दारं एकदमच किलकिली झाली. भारताने ८०० सीसीच्या वरच्या गाड्यांना वाट दिली, आणि नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या विकिरण केंद्रातून निघालेल्या आंब्याच्या पेट्या अमेरिकेला गेल्या. पुढे हार्लेने हरियाणातल्या बावलला जुळणीचा कारखाना काढला, २०२० मध्ये तो गुंडाळला, आणि हिरोच्या हातात हात देऊन कंपनी इथेच राहिली.

या गाड्यांची किंमत निम्मी कारखान्यात ठरते आणि निम्मी दिल्लीत. पूर्ण तयार आयात होणाऱ्या मोटारसायकलींवरचं सीमाशुल्क २०१८ मध्ये ५० टक्क्यांवर आलं; २०२५ च्या अर्थसंकल्पात ते १६०० सीसीपर्यंत ४० आणि त्यावर ३० टक्के झालं. देशात बनलेल्या गाडीला सीमाशुल्क नाही, पण जीएसटीची रेघ ३५० सीसीवर ओढलेली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेघेच्या अलीकडे १८ टक्के, पलीकडे ४०. माझी गाडी जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली तेव्हा ३ लाख ४९ हजारांपासून पुढे होती, आणि तेव्हाचा कर सेससकट ३१ टक्के होता. आज घेणाऱ्याने शोरूमच्या पाटीवरचा आकडा पाहून खूश होऊ नये. विमा आणि रोड टॅक्स धरून 'ऑन रोड' किती, ते आधी लिहून घ्यावं.

आता तिसरा प्रश्न. झेपते कशी? ताशी वीसच्या वर ही गाडी कुणालाही झेपते, कारण चाकं फिरू लागली की वजन जाणवत नाही. परीक्षा असते ती वीसच्या खाली. आणि वसई-विरारमध्ये घरापासून महामार्गापर्यंतचा सगळा रस्ता वीसच्या खालचा आहे. आमच्या आळीतून निघायचं, एका बाजूला वाडीचं कुंपण, दुसऱ्या बाजूला बावखल, म्हणजे छोटं तळं. मग बोळिंज, विरार स्टेशनजवळचा पूल, पूर्वेला चंदनसार, तिथून विरार फाटा. मध्ये रिक्षा, भाजीच्या गाड्या, उलट्या दिशेने येणारे स्कूटरवाले आणि गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, पसरट हवा. आपल्या गल्लीत तो हातभर रुंदीचा आणि सुळक्यासारखा उभा असतो. क्रूझरचं पोट जमिनीपासून जेमतेम १३५ मिलिमीटरवर. त्यात मागे कुणी बसलं असेल तर सरळ न चढता तिरकं, हळू चढायचं.

हळू चालवताना या गाडीशी ताकद लावून भांडायचं नसतं. म्हशीला दाव्याने ओढलं तर ती पाय रोवते, कलाने घेतलं तर मुकाट येते. तसंच हिचं आहे. क्लच अर्धा दाबलेला, ॲक्सिलरेटर किंचित उघडा, मागच्या ब्रेकवर पाय, आणि नजर जिथे जायचं तिथे. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक अजिबात नाही. बहुतेक जड गाड्या आडव्या होतात त्या महामार्गावर नव्हे, तर अशाच यू-टर्नला किंवा पार्किंगमध्ये.

पार्किंगचा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे: उतारावर तोंड खाली करून गाडी कधीच लावायची नाही. रिव्हर्स नसलेली २४१ किलोंची गाडी चढावर मागे ओढणं एकट्यादुकट्याचं काम नाही. आणि पडलीच तर? आधी इंजिन बंद करून गिअरमध्ये टाकायची. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा. मग गाडीकडे पाठ करून सीटला कंबर टेकायची, एक हात हँडलला, दुसरा मागच्या दांड्याला, आणि पायांनी मागे रेटत जायचं. पाठीने उचलायला गेलात तर डॉक्टर गाठावा लागेल. गाडी घेण्याआधी ही कृती शोरूममध्ये करून बघावी.

विरार फाट्यावरून महामार्ग क्रमांक ४८ ला लागलं की गाडी आपल्या घरी येते. शिरसाडला उजवीकडे वळलं तर वज्रेश्वरी-गणेशपुरी. सरळ गेलं तर खानिवड्याचा टोलनाका; राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही, म्हणून बाजूच्या पट्टीतून सुटायचं. पुढे मनोर, आणि तिथून विक्रमगडमार्गे जव्हार. आम्हा वसईकर मोटारसायकलवाल्यांची तोंडं उत्तरेकडे असतात याचं एक कारण असंही आहे की सी लिंक, अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, तिन्ही दुचाकीला बंद आहेत. हजार सीसीची असली तरी.

महामार्ग घरचा असला तरी भोळा नाही. ट्रक आणि कंटेनर सर्रास उजव्या मार्गिकेतून जातात, दुभाजकातल्या कटमधून कुणीही आडवं घुसतं. उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा ४ सप्टेंबर २०२२ चा अपघात याच रस्त्यावर, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झाला. तो मोटारीचा होता. दुचाकीवर तर भोवती पत्राही नसतो. म्हणून काळोखात मी महामार्गावर नसते, आणि हेल्मेट, हातमोजे, जाकीट यांवर गाडीच्या ॲक्सेसरीजपेक्षा जास्त खर्च केला आहे.

अलीकडे पाण्यावरच्या दोन वाटा मिळाल्या. फेब्रुवारी २०२४ पासून वसई किल्ल्याजवळून भाईंदरला रो-रो बोट जाते. घोडबंदरचा चाळीसेक किलोमीटरचा वळसा पाव तासात संपतो. एप्रिल २०२५ पासून विरारच्या नारंगीहून खारवाडेश्रीला दुसरी. तिने सफाळे, केळवे-माहीम महामार्गाला न लागता गाठता येतं. ओल्या रॅम्पवर मात्र गाडी पहिल्या गिअरमध्ये सरळ रेषेत चढवायची, मध्ये थांबायचं नाही. बोटीत बाजूला उभं राहून एक हात गाडीवर ठेवायचा.

समुद्राजवळ राहणाऱ्याला देखभालीचा वेगळा जाच आहे. अर्नाळ्याचा खारा वारा क्रोमवर आधी डाग पाडतो, मग गंज. दर आठवड्याला गोड्या पाण्याने धुऊन कोरडी पुसणं आणि चेनला तेल, यात कसूर चालत नाही. पावसाळ्यात प्लॅस्टिकचं कव्हर घालून ठेवली तर आतला दमटपणाच जास्त खातो. मोकळी, छपराखाली बरी. आणि रस्त्यावर पाणी साचलं की गाडी घरीच. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी कसं तुंबलं होतं ते पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

टायर ट्यूबलेस आहेत हे खेड्यापाड्याच्या रस्त्यावर वरदान. चाक न खोलता पंक्चर निघतं. प्लगचं किट आणि छोटा पंप बॅगेत असतोच. परतताना त्याच बॅगेत जव्हारच्या बाजाराची भाजी असते, आणि पाहुण्यांकडे जाताना आगाशीची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी.

तेव्हा घ्यायची असेल तर लडाखचे व्हिडिओ बघून ठरवू नका. शोरूमवाल्याकडे टेस्ट राइड मागा, आणि ती मोकळ्या रस्त्यावर न घेता आपल्या घरापर्यंत घ्या. सोसायटीच्या फाटकातून आत आणा, वळवा, रोजच्या जागेवर लावा आणि इंजिन बंद करून हाताने ढकलत बाहेर काढा. घरच्या माणसाला मागे बसवून स्टेशनच्या पुलावरून एक फेरी मारा. एवढं हसत जमलं तर खुशाल घ्या. नाही जमलं तर साडेतीनशे सीसीची घ्या. वज्रेश्वरी आणि जव्हार तिलाही तेवढेच जवळ आहेत, आणि करही निम्म्याहून कमी.