झाडांची तोड ठेकेदाराला देताना

शहापूर व मुरबाड तालुक्यांत बांधावर आणि मालकी वरकस जमिनीत साग, ऐन, किंजळ ही झाडे चांगली वाढतात. ही झाडे म्हणजे शेतकऱ्याची अडीअडचणीची ठेव. लग्नकार्य किंवा आजारपण निघाले की ठेकेदाराला बोलावून उभी झाडे ठोक रकमेला दिली जातात. तीस-चाळीस वर्षे राखलेल्या झाडांचा व्यवहार असा एका बैठकीत उरकतो. लाकूड किती निघाले, हे मालकाला कधीच कळत नाही.

ठाणे जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. पूर्वी जंगलाचे कूप ठेकेदार घेत. मोजमाप, हिशोब आणि मजुरी हे तिन्ही त्यांच्याच हाती असे. आदिवासी मजुरांच्या हलाखीची नोंद १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या सायमिंग्टन अहवालात आहे. १९४६ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली जंगल कामगारांनी दिवसाला सव्वा रुपया मजुरीची मागणी करून संप केला. त्यानंतर १९४७ पासून मुंबई सरकारने जंगल कामगारांच्या सहकारी संस्थांना कूप देण्यास सुरुवात केली. मोजमाप आणि हिशोब एकाच पक्षाच्या हाती राहिला की दुसरा पक्ष नागवला जातो, हाच यातला धडा. मालकी झाडे विकतानाही तो लागू पडतो.

शेतकरी बंधूंनो, व्यवहार करताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

१) परवानगी : महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ, खैर, आंबा, फणस, हिरडा, मोह आदी झाडे आहेत. ती तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. ठेकेदार ‘कागदपत्रे मी बघतो’ म्हणाला तरी अर्ज तुमच्या नावाचा असतो. म्हणून परवानगीची प्रत स्वतःजवळ ठेवावी व ती हाती येईपर्यंत कुऱ्हाड लावू देऊ नये. वाहतूक परवान्याशिवाय माल शिवाराबाहेर जाऊ देऊ नये.

२) आदिवासी खातेदार : १९६९ च्या कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या खातेदाराला आपली झाडे परस्पर ठेकेदाराला विकता येत नाहीत. वन विभागामार्फत विक्रीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.

३) मोजमाप : झाडांवर क्रमांक घालून छातीइतक्या उंचीवरचा घेर वहीत लिहावा. तोडीनंतर प्रत्येक ओंडक्याचा मधला घेर व लांबी मोजावी. समजा, घेर १२० सें.मी. व लांबी ३ मीटर आहे. व्यापारात रूढ असलेल्या चौथाई घेराच्या पद्धतीने ०.३० × ०.३० × ३ = ०.२७ घनमीटर लाकूड भरते. गोल ओंडक्याचे खरे घनफळ मात्र सुमारे ०.३४ घनमीटर असते. म्हणजे या पद्धतीत पाचव्या हिश्श्याहून अधिक लाकूड हिशोबात येत नाही. म्हणून दर ठरवतानाच तो कोणत्या मापाचा आहे हे लिहून घ्यावे.

४) करार : दर, हप्ते, तोडीची मुदत, मजुरी व वाहतुकीचा खर्च, फांद्या व जळाऊ लाकूड कोणाचे, हे सर्व मुद्रांकावर लिहावे. अपघात झाल्यास मजुराची जबाबदारी कोणाची, हेही त्यात असावे. पूर्ण रक्कम मिळाल्याशिवाय शेवटचा माल उचलू देऊ नये.

५) बुंधा : साग तोडल्यावर बुंध्याला पुन्हा फुटवा येतो. यासाठी तोड जमिनीलगत, धारदार हत्याराने व तिरकस करावी म्हणजे पाणी साचत नाही. साल फाटू देऊ नये. घाईने उंचावर केलेल्या तोडीत लाकूडही वाया जाते. ही अटही करारात घालावी.

प्रामाणिक ठेकेदाराला लेखी कराराची अडचण वाटत नाही. वाद टळल्याने त्याचेही काम वेळेत होते. त्यामुळे गरज कितीही तातडीची असली तरी आधी वही आणि टेप हाती घ्यावी, भावाची बोलणी नंतर करावी.