कर्टोली

(कंटोली, हिं. ककोडा, लॅ. मोमॉर्डिका डायोइका, कुल-कुकर्बिटेसी). कारल्याच्या वंशातील ही बहुवर्षायू वेल रायगड जिल्ह्यात पेण, रोहा भागातील डोंगरउतारांवर पावसाच्या प्रारंभी जमिनीतील कंदापासून फुटते. कोवळ्या फळांची भाजी करतात. नर व मादी फुले स्वतंत्र वेलींवर येतात. बियांपासून वाढलेल्या वेलीचे लिंग फुले येईपर्यंत कळत नाही. म्हणून परसात लावण्यास ओळख पटलेल्या वेलींचे कंदच घ्यावेत. सुमारे १० मादी वेलींस १ नर वेल पुरते. फळ धरत नाही म्हणून नर वेल वांझ समजून उपटली, तर मादी वेलीही रित्या राहतात. मादी फुलाच्या तळाशी मऊ काटेरी किंजपुट दिसतो, नर फुलास तो नसतो. पिवळी फुले सायंकाळी उमलतात. त्या वेळी नर फुलातील पराग हाताने किंजल्कावर लावल्यास फळे अधिक धरतात. पावसाळ्यानंतर वेल वाळते, कंद मात्र जिवंत असतो. तो जागीच राहू द्यावा.