कचेरीतील तारांचे जंजाळ आणि दप्तराची शिस्त

संगणकाच्या विषयावर बोलावयास इंजिनियर सोडून युनियनचा माणूस का उभा केला, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. आमचे शाळेतील शिक्षण दहावीच्या अलीकडेच संपले; पुढचे जे काही शिकलो ते कामगार कायद्याची पुस्तके चाळून आणि साहेबांशी वाद घालून. संगणकाचे शिक्षण मात्र आम्हांला एका फजितीने दिले. ती फजिती आधी सांगतो.

आमच्या कचेरीत एक वृद्ध हमाल वर्गणीचा दाखला मागावयास आले. अठरा वर्षे त्यांनी युनियनची वर्गणी भरलेली. आम्ही मोठ्या ऐटीत म्हणालो, "बसा, चहा घ्या, आता काढून देतो." चहा झाला, दुपार झाली, सर्व्हर काही उघडला नाही. असे ते गाडीभाडे खर्चून तीनदा आले. तिसऱ्या खेपेस म्हणाले, "भाऊ, वहीचं पान फाटायचं, पण वही उघडत तरी होती." या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

त्या दिवशी आम्ही प्रथमच टेबलाखाली वाकून पाहिले. चार संगणक, एक प्रिंटर, सर्व्हर म्हणून ठेवलेली धुळीने माखलेली जुनी पेटी, दोन राऊटर, एक स्विच आणि वायरींचा असा गुंता की कोणती कोठून निघाली आणि कोठे गेली हे ब्रह्मदेवालाही सांगता न यावे. हे सारे ज्या मुलाने जोडले तो नोकरीसाठी पुण्यास गेलेला. पासवर्डही त्याच्याबरोबर गेलेले.

येथे शब्दांची ओळख करून घेऊ. सर्व्हर म्हणजे काही अवतारी यंत्र नव्हे. सर्वांची कागदपत्रे एका जागी ठेवून मागेल त्याला काढून देणारा तो दप्तरदार. स्विच म्हणजे काय, हे नांदगावकरांना सांगणे सोपे आहे. आपल्या तालुक्यातच मनमाड जंक्शन आहे. मुंबई, भुसावळ, दौंड, नांदेड अशा दिशांच्या गाड्या तेथे येतात आणि ज्या त्या रुळाला लागतात. स्विचही आलेला निरोप पाहून ज्या संगणकाचा त्याच्याकडे धाडतो. राऊटर हा वेशीवरचा दरवाजा. कचेरीतले बाहेर आणि बाहेरचे आत तो नेतो.

प्रत्येक यंत्राला एक क्रमांकाचा पत्ता लागतो. घरगुती व कचेरीच्या वापरासाठी 192.168 ने सुरू होणारे पत्ते राखून ठेवावेत, हा नियम 1996 साली पक्का झाला. म्हणून नांदगावच्या कचेरीत आणि नाशिकच्या कचेरीत तोच क्रमांक असला तरी भांडण होत नाही. गावोगाव गांधी चौक असतो, तसेच हे. परंतु हे पत्ते वाटतो कोण? बहुधा राऊटर. धर्मशाळेचा कारकून जसा आलेल्या पाहुण्याला खोली देतो, तसा.

आमचा रोग येथेच सापडला. मागच्या खोलीत वायफाय पोहोचेना म्हणून कुणीतरी बाजारातून दुसरा राऊटर आणून जोडला. आता एका धर्मशाळेला दोन कारकून झाले. एक 192.168.0 च्या ओळीतले पत्ते देई, दुसरा 192.168.1 च्या ओळीतले. सकाळी ज्या संगणकाला ज्या कारकुनाने आधी गाठले, त्याच्या ओळीत तो जाई. सर्व्हर पहिल्या ओळीत. दुसऱ्या ओळीतल्या संगणकाला तो सापडणार कसा? शिवाय झाडलोट करताना कुणीतरी एक लोंबती वायर उचलून स्विचच्याच रिकाम्या भोकात खोचली होती. तिची दोन्ही टोके एकाच पेटीत! मनमाडहून निघालेली गाडी पुन्हा मनमाडलाच यावी आणि असे अखंड चालावे, म्हणजे इतर गाड्यांना रूळच मोकळा राहत नाही.

उपाय ऐकाल तर साधे वाटतील. पहिला नियम असा की आधी कशालाही हात लावू नये. कागद घ्यावा आणि जे आहे ते काढावे. एकेक वायर बोटाने चाचपत दोन्ही टोकांना चिठ्ठी चिकटवावी. दुसरा, पत्ते वाटणारा एकच ठेवावा. दुसऱ्या राऊटरचे वाटप बंद करून त्याच्याकडे फक्त वायफाय ठेवावे. तिसरा, सर्व्हर आणि प्रिंटर यांना कायमचा, न बदलणारा पत्ता द्यावा. टपाल कचेरी रोज जागा बदलत नसते. चौथा, यंत्रे यूपीएसवर घ्यावीत आणि वळवाच्या विजा कडाडू लागल्या की बाहेरून आलेली वायर काढून ठेवावी.

पाचवा नियम सर्वांत मोलाचा, तो नकलेचा. 27 जून 2017 रोजी मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या संगणकांत नॉटपेट्या नावाचा घातकी प्रोग्राम शिरला आणि जगभरचे तिचे काम थांबले. आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एक टर्मिनलही ठप्प झाले. कोणाला कोठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे तिचे सर्व्हर देशोदेशी होते आणि एकमेकांची नक्कल करीत होते. परंतु सारे जोडलेले, म्हणून सारे एकदमच पुसले गेले. वाचला तो घानामधला एक. कारण त्या वेळी तेथील वीज गेलेली होती! त्यावरून पुढे उभारणी झाली. बोध इतकाच की जोडलेली नक्कल ही नक्कल नव्हे. आम्ही दोन डिस्का घेतल्या. एक कचेरीत, एक खजिनदारांच्या घरी, दर शनिवारी अदलाबदल. आणि महिन्यातून एकदा त्या नकलेतील एखादी फाईल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहतो. न उघडून पाहिलेली नक्कल म्हणजे न मोजलेली रोकड.

आता मूळ मुद्दा. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याने हिशेबाच्या वह्या आणि सभासदांची यादी तपासण्याचा हक्क साध्या सभासदालाही दिला होता. संस्था सर्वांची, तर दप्तरही सर्वांचे, हे त्यातले तत्त्व. ज्या दप्तराची किल्ली एका हुशार माणसाच्या डोक्यात असते, ते दप्तर संस्थेचे राहत नाही, त्या माणसाचे होते. मग तो कितीही सज्जन असो. मालकाच्या मनमानीविरुद्ध आयुष्यभर बोलणाऱ्या आम्ही आपल्याच कचेरीत हे चालू दिले. आता नकाशा भिंतीवर आहे. पासवर्ड मात्र भिंतीवर नाहीत, ते दोन सह्यांच्या बंद पाकिटात कपाटात आहेत. ज्याने त्याने स्वतःच्या नावाने संगणक उघडावयाचा, आणि सभासदांचे फोन व बँक खात्यांचे क्रमांक ज्याला काम आहे त्यालाच दिसावयाचे.

त्या हमालभाऊंचे काय झाले? जुनी डिस्क अखेर उघडलीच नाही. पहिली चौदा वर्षे वह्यांत सापडली; पुढची चार वर्षे आम्ही वही ठेवलीच नव्हती. ती आम्ही पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती पोत्यातून काढून, तीन रात्री बसून जुळवली. दाखला त्यांच्या घरी नेऊन दिला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि विचारले, "याची नक्कल ठेवली ना?" या वेळी आम्हांला उत्तर देता आले.